मदत हवी आहे: एक डायव्हर, एक स्नॉर्केलर, कोणते बेट निवडावे?

सागरवेध: आम्हा दोघांना उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर जायचे आहे. आमच्यापैकी एकच जण डायव्हिंग करतो, दुसरा फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत खाली पाहणे. मागच्या वेळी बोट जिथे थांबायची तिथे तळ इतका खोल असे की वरून निळ्या पाण्याखेरीज काहीच दिसत नसे, आणि एकाला सगळा वेळ डेकवर बसून काढावा लागला. हे पुन्हा नको आहे. तिकिटे लवकर काढायची आहेत, तेव्हा कृपया थेट बेटाचे नाव सांगावे.

खोलपाणी: महिना कोणता, डायव्हरचे प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे आणि दुसऱ्याला प्रवाहात पोहण्याची सवय आहे का, हे कळल्याशिवाय नाव सांगणे योग्य होणार नाही.

तळठाव: पत्नीला सरळ ओपन वॉटर हा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करायला लावा. अठरा मीटरपर्यंत जाता येईल आणि प्रश्नच मिटेल.

सागरवेध: डायव्हर मी आहे आणि मी पत्नी आहे. यजमानांच्या कानाच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली असून डॉक्टरांनी डायव्हिंगला स्पष्ट मनाई केली आहे, त्यामुळे कोर्सचा विषय कृपया नको. ते उत्तम पोहतात. महिना ऑगस्ट.

प्रवाळप्रेमी: मग इंडोनेशियातील बुनाकेनचा विचार करा. तिथे किनाऱ्यालगत प्रवाळाचे उथळ पठार आहे आणि त्याच्या काठापासून भिंत एकदम खाली उतरते. तुम्ही भिंतीलगत असाल तेव्हा यजमान त्याच काठावर तरंगत असतील, आणि तुमचे बुडबुडे त्यांच्या मास्कसमोरून वर जाताना त्यांना दिसतील. मात्र पूर्ण ओहोटीला पठारावरचे पाणी इतके उतरते की पोट प्रवाळाला घासते, म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहूनच त्यांनी पाण्यात उतरावे.

दूरदर्या: मी लिव्हअबोर्डच सुचवेन, म्हणजे मुक्कामही जिच्यावरच असतो अशी डायव्हिंगची बोट. रोज नवी जागा मिळते आणि स्नॉर्केलरसाठी छोटी डिंगी सोडतात.

खोलपाणी: याच्याशी मी अजिबात सहमत नाही. लिव्हअबोर्डचा सारा दिवस डायव्हरच्या वेळापत्रकावर चालतो, आणि निवडलेल्या जागा बहुधा खोल किंवा जोरदार प्रवाहाच्या असतात. अशा पाण्यात स्नॉर्केलर एकटा सोडणे धोक्याचे आहे. कितीही उत्तम पोहणारा असला तरी त्याच्यासोबत पाण्यात दुसरे कोणी असायला हवे, कारण त्याची जोडीदार त्या वेळी पाण्याखाली असते आणि तिला वरचे काहीच कळत नाही.

छायाचित्री: कॅमेऱ्याला लाल फिल्टर घ्यायला विसरू नका.

प्रवाळप्रेमी: डायव्हरला त्याचा उपयोग होईल, स्नॉर्केलरला फारसा नाही. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे खाली राखाडी दिसणारे प्रवाळ उथळ पाण्यात मूळ रंगात दिसते. यजमानांच्या वाट्याला कमी काही येते असे मानण्याचे कारण नाही.

सागरवेध: हे त्यांना वाचून दाखवले. मालदीवबद्दल कोणी सांगेल का?

खोलपाणी: ऑगस्ट असेल तर मालदीवमधील बा अटॉल या कंकणाकृती प्रवाळ बेटसमूहाचा विचार जरूर करावा. तिथल्या हानीफारू उपसागरात साधारण मे ते नोव्हेंबर मांटा रे हे मोठे चपटे मासे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खायला येतात, आणि तिथे स्कूबाला, म्हणजे टाकी लावून डायव्हिंग करायला, बंदी असल्याने तुम्हा दोघांनाही केवळ स्नॉर्केल लावूनच उतरावे लागेल. याच प्लवकामुळे पाणी काहीसे गढूळ असते, त्याची तयारी ठेवा. बेट ठरवताना हॉटेलला एकच गोष्ट नेमकी विचारा: हाउस रीफचा, म्हणजे हॉटेलच्या बेटालगतच्या प्रवाळाचा, काठ किनाऱ्यापासून किती दूर आहे? काही बेटांभोवती रुंद, वाळूचे लगून, म्हणजे रीफच्या आतले उथळ पाणी, असते आणि काठापर्यंत बोटीशिवाय पोहोचता येत नाही. असे बेट फोटोत कितीही देखणे दिसले तरी तुमच्या कामाचे नाही.

प्रवाळप्रेमी: शेवटचा दिवसही दोघांचा ठेवा. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास थांबण्याची शिफारस आहे, तेव्हा त्या दिवशी टाकी बाजूला ठेवून यजमानांसोबत रीफवर जाता येईल.

सागरवेध: बा अटॉलमधील हॉटेलांना काठाच्या अंतराबद्दल आजच लिहिते. तिथे जमले नाही तर बुनाकेन. पाण्यात यजमानांसोबत राहणारा गाइड डायव्ह सेंटरकडेच मागावा की स्वतंत्र?

खोलपाणी: डायव्ह सेंटरकडेच, आणि आरक्षणापूर्वी लेखी मागा.