फंजिबल एफएसआय : यात 'फंजिबल' काय आहे?

चौथा मजला : मुंबईत आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय. बिल्डर दर दोन वाक्यांआड 'फंजिबल एफएसआय' म्हणतो. एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, एवढं कळतं. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर तेवढीच दुसरी दिली की फिटलं. पाटा-वरवंटा नेला तर मात्र तोच परत करायचा. साखर फंजिबल, पाटा नाही. मग महापालिकेकडे प्रीमियम भरून वर घेतलेलं क्षेत्रफळ कशाच्या जागी आलं? सरळ 'विकतचा जादा एफएसआय' म्हणा की!

रेडीरेकनर : जादा नाही, बदल्यातलाच आहे. पूर्वी फ्लॉवर बेड, निश (कोनाडे) वगैरे एफएसआयमध्ये मोजत नसत. मग नकाशात फ्लॉवर बेड, आणि ताब्याच्या दिवशी त्याच्या बाहेरच्या कडेला स्लायडिंग खिडकी, फरशी सलग, हॉल तेवढा लांब. कुंडी एक नाही! जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. हे सगळं मोजायचं, आणि भरपाई म्हणून मूळ एफएसआयवर निवासीला ३५ टक्के, व्यापारीला २० टक्के, असं तेव्हा ठरलं. बाल्कनीत वापरा नाहीतर खोलीत. म्हणून फंजिबल.

चौथा मजला : कुठेही वापरता येतं त्याला लवचीक म्हणतात. आणि भरपाईच होती, तर निवासीला रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, ६० टक्के प्रीमियम कसला लावला होता? भरपाई विकत घेतात होय?

जुने सर्टिफिकेट : चौथा मजला यांच्या बाजूने. शब्द नेमका वापरलाय तो १९९६ च्या डिपॉझिटरीज ॲक्टमध्ये. कागदी शेअरवर क्रमांक असायचे, कुठला विकला ते दाखवता यायचं. डीमॅटमध्ये शंभर म्हणजे नुसते शंभर. म्हणून तर कॅपिटल गेन काढताना आधी घेतलेले आधी विकले असं धरावं लागतं. एफएसआयवाल्यांनी शब्द नुसता भारदस्त वाटला म्हणून उचललाय.

डक्टकडची खिडकी : मला तर वाटतं शब्द अगदी चपखल बसलाय, आणि दुखणंही तेच आहे. बिल्डर खरंच फुटाला फूट धरतो. आमच्याकडे कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) वाढला, पण स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. फोडणी दिली की खालच्या-वरच्या सगळ्यांना ठसका.

रेडीरेकनर : तो आर्किटेक्टचा प्रताप, शब्दाला कशाला बोल लावता? चौथा मजला, तुम्ही वेगळंच तपासा. जुन्या रहिवाशांच्या वाट्याच्या फंजिबलवर प्रीमियम लागत नाही. बिल्डर 'आम्ही ३५ टक्के जादा देतो' म्हणत असेल, तर तो तुमचंच तुम्हाला वाढतोय. करारात कार्पेट फंजिबल धरून लिहिलाय की वगळून?

चौथा मजला : 'फंजिबलसह' लिहिलंय.

रेडीरेकनर : मग सही करू नका इतक्यात. मूळ कार्पेट, त्यावरचं फंजिबल आणि बिल्डर पदरचं काय देतो, हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा.