अनुभव धागा: "सर, दोन मिनिटं बोलू शकते का?"

तिखटमिठाचीपुरी: आत्ता १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून पर्सनल लोनचा कॉल आला. कापला आणि आजोबा आठवले. पतपेढीत बत्तीस वर्षं खतावणी लिहिलेला माणूस. सांगलीच्या घरी लँडलाइनवर असे फोन आले की चष्मा लावायचे, कालनिर्णयच्या पाठीमागे पेन्सिल टेकवायचे आणि विचारायचे, "ताई, दसादशे किती?" ती म्हणे, फक्त अकरा. "फ्लॅट, की घटत्या शिलकेवर?" पलीकडे शांतता. मग आजोबाच हिशेब करून सांगायचे. लाख रुपये, तीन वर्षं, व्याज तेहतीस हजार, हप्ता ३६९४. "मुद्दल दरमहा फिटतंय, तरी व्याज पुऱ्या लाखावर? म्हणजे खरा दर विसाच्या घरात गेला की!" फोन कायम तिकडूनच ठेवला जायचा. तुमचेही किस्से येऊ द्या.

जुनाहेडफोन: मी तिकडच्या बाजूला होतो :) २०१०, मालाड, क्रेडिट कार्ड. तुम्ही हॅलो हॅलो करता आणि आवाज येत नाही ना, ते भूत नव्हे. डायलर एकदम चार-पाच नंबर फिरवतो. पहिला उचलेल तो आमच्या कानात, बाकीचे बसतात ओरडत. दिवसाला अडीचशे कॉल, महिन्याला कार्डं तीन नाहीतर चार. त्यातलं एक मामानं घेतलेलं. शिव्या देणारे परवडायचे, लगेच पुढचा नंबर. "बायकोला विचारून सांगतो" वाले दोन आठवडे खायचे.

पावटा: मामांचं कार्ड चालू आहे का अजून? 😂

जुनाहेडफोन: मामीनं बंद करायला लावलं. त्यासाठी फोन केला तर तासभर कुणी उचलेना.

अबोली_७: परवा भाकऱ्या थापत होते, दोन्ही हात पिठाचे. अनोळखी नंबर, कोपरानं कापला. परत आला, परत कापला. गॅसवाला होता! सिलिंडर गेटवरून माघारी, तीन दिवस इंडक्शनवर खिचडी. कर्ज नको म्हणता येतं हो, पण कामाचे फोनसुद्धा उचलवत नाहीत आता, त्याचा राग येतो.

खडूसकाका: डीएनडी करा, म्हणजे जाहिरातींचे फोन बंद करायची नोंदणी. १९०९ वर 'स्टार्ट ०' असा एसएमएस, इंग्रजी अक्षरांत. माझे १४० वाले बरेच कमी झाले. साध्या दहा आकडी मोबाइलवरून येतात ते थांबत नाहीत, त्यांची तक्रार करावी लागते. पूर्वी तीन दिवसांत करायला लागायची, २०२५ मध्ये मुदत सात दिवस केलीय. नंबर, तारीख आणि काय विकत होते ते लिहून ठेवा.

पावटा: काका, म्हणजे आजोबांसारखं कालनिर्णयवरच लिहायचं!

मधलीसुट्टी: विषय थोडा वेगळा. २०११ मध्ये ह्या जाहिरातवाल्यांपायी दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा आली होती, आठवतंय? नंतर दोनशे केली. पण मधला तो महिना-सव्वा महिना! आमचं नुकतंच जमलेलं. भांडण ९७ व्या मेसेजला आलं की सॉरीसाठी एक राखून ठेवायचा.

अबोली_७: अगं किती गोड!! मग लग्न झालं का त्याच्याशीच?

मधलीसुट्टी: हो. आता तो म्हणतो, "बायकोला विचारून सांगतो" 🙈 बाय द वे, तुझी भाकरी फुगते का गं? माझी कडेला चिरते.

अबोली_७: पीठ जुनं असेल, विरी गेली की चिरतेच. उकळत्या पाण्यात भिजव. थांब, फोन वाजतोय, हात परत पिठाचेच आहेत.