जुळी कोकरे आणि दख्खनी मेंढी
दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, मग जुळी देणारी मेंढी पाळणे फायद्याचे नाही का, असा प्रश्न विचारला जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचे जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली आणि त्यामुळे जुळ्यांचे प्रमाण वाढले, हे खरे आहे. बंदिस्त पालनात ती जरूर पाळावी. सतत फिरतीवर असणाऱ्या कळपात मात्र एकच धष्टपुष्ट कोकरू बरे, असे माझे मत आहे. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असला, तरी गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, आणि नेमका तेव्हाच चारा कमी पडला व वरून खुराक मिळाला नाही, तर मेंढी खंगते, कोकरे हलकी जन्मतात आणि कास भरत नाही. तरीही जुळी झालीच, तर व्यायल्यावर लगेच दोन्ही सडांतून थोडा चीक पिळून सड मोकळे करावेत आणि दोन्ही कोकरांना पाजावे. मेंढी पिल्लाला वासावरून ओळखते. त्यामुळे सुरुवातीच्या काही तासांत जे कोकरू तिने चाटले नाही, त्याला ती पुढे सहसा जवळ येऊ देत नाही. पोट भरलेले कोकरू निवांत झोपते, उपाशी कोकरू पाठ वाकवून उभे राहते. त्याच्याकडे आधी पाहावे.