मदत हवी आहे: ऑडिट फर्ममधल्या ट्रेनींवरचं पुढचं संशोधन कसं उभारावं?

रेघोटी
नमस्कार मंडळी. माझी पीएचडी अकाउंटिंग फर्ममध्ये नव्याने रुजू झालेल्या ट्रेनींच्या प्रशिक्षणावर आहे. सगळी सामग्री मुलाखतींची. आता सहायक प्राध्यापकाची नोकरी लागली आहे आणि तीन वर्षांनी कायम करायचं की नाही, याचा आढावा होणार आहे. तीन ठिकाणी अडले आहे.

परीक्षकांचा मुख्य शेरा असा होता: ट्रेनी शिकण्याबद्दल काय बोलतात ते कळतं, पण शिकतात कसे ते दिसत नाही. प्रत्यक्ष निरीक्षणाशिवाय ही उणीव भरून निघेल का?

दुसरं, नव्या प्रकल्पासाठी एका फर्मच्या एचआरने 'आम्ही बारा ट्रेनी देतो' असं कळवलंय, पण क्लायंटकडे सोबत जायला आणि फाइल बघायला साफ नकार दिला आहे. हे स्वीकारावं का?

तिसरं, प्रबंधातून लेख कोणत्या क्रमाने काढावेत?

मी स्वतः फर्ममध्ये काम केलेलं नाही, त्यामुळे अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

ताळमेळ
फाइलला नकार आला तो तुमच्यावरच्या अविश्वासातून नाही. गोपनीयता हे आयईएसबीएच्या (अकाउंटंटांसाठी नीतिनियम ठरवणारं आंतरराष्ट्रीय मंडळ) आचारसंहितेतल्या पाच मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. क्लायंटच्या संमतीशिवाय बाहेरच्या माणसाला वर्किंग पेपर (ऑडिटच्या कामाची नोंद असलेले कागद) दाखवले तर ते पार्टनरच्या अंगाशी येतं. तेव्हा ती मागणीच सोडा आणि ज्यात क्लायंटचं नावसुद्धा येत नाही अशा गोष्टी मागा: रुजू होतानाच्या वर्गांत मागे बसायची परवानगी, वर्किंग पेपरचे कोरे नमुने, कामगिरीच्या मूल्यमापनाचा कोरा फॉर्म, बढतीचे निकष. कोरा फॉर्म क्षुल्लक वाटतो, पण फर्म ट्रेनीकडून काय अपेक्षा करते हे त्यातल्या रकान्यांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं तासाभराच्या मुलाखतीतून दिसत नाही.

'बारा ट्रेनी देतो' हे मात्र तसंच घेऊ नका. एचआरने निवडलेले बहुधा पहिल्या झटक्यात व्यावसायिक परीक्षा पास झालेले, बोलके, फर्मवर खूश असलेले असतात. एका वर्षी रुजू झालेल्या सगळ्यांना निमंत्रण जाऊ द्या. उत्तरं थेट तुमच्या विद्यापीठाच्या ईमेलवर यावीत आणि कोण हो म्हणालं, कोण नाही, हे फर्मला कळता कामा नये. पार्टनरची परवानगी म्हणजे ट्रेनीची संमती नव्हे. ज्याच्या हातात बढती आहे त्याने पाठवलेल्या विनंतीला कोण नकार देणार?

फर्मशी करायचा करार दोन पानांत मावतो. त्यातलं एकच कलम तुमची तीन वर्षं वाचवू शकतं किंवा बुडवू शकतं, ते प्रकाशनाचं. फर्मला लेखाचा मसुदा वाचायला ३० दिवस द्या. आक्षेप दोनच बाबतींत घेता येईल: गोपनीय माहिती आणि तपशिलातली चूक. निष्कर्षांवर हरकत नाही. 'प्रकाशनास फर्मची पूर्वमान्यता आवश्यक' असं वाक्य आलं तर सही न करता विद्यापीठाच्या विधी विभागाकडे पाठवा.

विनंती नेमकी कधी पाठवता यालाही महत्त्व आहे. क्लायंटच्या वर्षअखेरीनंतरचे तीन-चार महिने ऑडिटवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. हंगाम संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लिहा, आणि एचआरला नव्हे, एखाद्या पार्टनरला. एचआर वर्ग दाखवू शकतं, पण फर्मची जोखीम सांभाळणाऱ्या रिस्क विभागाकडून मंजुरी आणायला पार्टनरच लागतो.

लाल_शाई
परीक्षकांच्या शेऱ्याबद्दल. निरीक्षण हवंच असं नाही. प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातोय. 'काय शिकलात?' असं विचारलं की ट्रेनी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतली भाषा परत ऐकवतो: संवाद, टीमवर्क, वेळेचं नियोजन. शिकणं घडतं ते रिव्ह्यू नोटमध्ये.

फर्ममध्ये काम न केलेल्यांसाठी: ट्रेनी वर्किंग पेपर भरतो, सिनियर तपासतो आणि शंका लिहितो, ट्रेनी उत्तर देतो, सिनियर समाधान झालं की नोट बंद करतो. मग तोच कागद मॅनेजरकडे, पुढे पार्टनरकडे. एक नेहमीचं उदाहरण घ्या. खरेदी बिलांच्या तपासणीत ट्रेनीने नमुना म्हणून २५ बिलं घेतली. सिनियरची नोट: 'नमुन्याचा आधार काय?' ट्रेनीचं उत्तर: 'मागील वर्षाप्रमाणे.' गेल्या वर्षीची फाइल समोर ठेवून, तारखा आणि आकडे बदलून काम उरकणं ही सार्वत्रिक सवय आहे. आता इथे तीन गोष्टी घडू शकतात. सिनियर नोट तशीच बंद करतो. किंवा स्वतःच योग्य उत्तर लिहून टाकतो, कारण बजेटचे, म्हणजे त्या कामासाठी ठरवून दिलेले, तास संपलेत. किंवा ट्रेनीला बसवून विचारतो की या वर्षी खरेदी दुप्पट झाली आणि नवा पुरवठादार आला, तर २५ पुरतील का? तिन्ही फाइली शेवटी सारख्याच नीटनेटक्या दिसतात. ट्रेनी मात्र तीन वेगवेगळे धडे शिकतो.

म्हणून मुलाखतीत सांगा: तुम्हाला मिळालेल्या शेवटच्या तीन नोटा आठवा. कोणी लिहिली, कोणत्या कामावर, उत्तर कोणाला विचारून दिलं, बंद कोणी केली. क्लायंटचं नाव न घेता हे सगळं बोलता येतं. शक्य असेल तर त्याच फर्ममधल्या सिनियरांनाही हेच विचारा, पण जोड्या लावू नका, नाहीतर कोणी कोणाबद्दल काय सांगितलं ते लगेच ओळखू येतं.

आणि एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: पुढेमागे जुन्या फाइली बघायला मिळाल्या तरी त्यात हे सापडणार नाही. अंतिम फाइल ऑडिट रिपोर्टच्या तारखेनंतर साधारण ६० दिवसांत बंद करायची असते. आयएसए २३० नुसार (आयएसए म्हणजे ऑडिटची आंतरराष्ट्रीय मानकं) बाद झालेले मसुदे आणि अर्धवट विचारांची टिपणं त्यात ठेवायची गरज नसते. त्यामुळे निपटलेल्या नोटा बऱ्याच फर्ममध्ये फाइल बंद होतानाच निघून जातात. शिकण्याचा माग काढायचा तर तो काम चालू असतानाच, नाहीतर हंगाम संपल्याबरोबर. सहा महिन्यांनी ट्रेनीला नोट आठवत नाही, फक्त अपमान झाला असेल तर तो आठवतो.

आयएसए २३० आणि २२० ही दोन मानकं मुलाखतींआधी बारकाईने वाचा. पहिलं कागदपत्रांबद्दल, दुसऱ्यात मार्गदर्शन, देखरेख आणि तपासणी कोणी कशी करायची ते आहे. फर्मचा अनुभव नसणं ही अडचण नाही. उलट अनुभवी माणूस 'नोट बंद केली' ऐकून पुढे जातो, तुम्ही 'म्हणजे नक्की काय केलं?' असं विचारू शकता.

खतावणी
वरच्या दोघांशी सहमत, पण एका पळवाटेपासून सावध करतो. कोणीतरी नक्की सुचवेल की टाइमशीटचा डेटा मागा, त्यातून कोणत्या कामाला किती वेळ गेला ते कळेल. नाही कळणार. बजेट ओलांडलं की सिनियरला जाब द्यावा लागतो, म्हणून जास्तीचे तास न दाखवण्याचा प्रकार अनेक दशकांपासून संशोधनात नोंदलेला आहे. टाइमशीटमध्ये दिसतो तो दाखवायची मुभा असलेला वेळ. हाच विषय असेल तर उत्तम, शिकण्याचं मोजमाप म्हणून कुचकामी.

दुसरं, गेलेली माणसं. परीक्षेत अडकलेले आणि कंटाळून सोडून गेलेले नमुन्यात नसतील, तर तुमचा लेख टिकून राहिलेल्यांचाच होईल. एकाच तुकडीला तीनदा भेटा: रुजू झाल्यावर महिन्याभरात, पहिला हंगाम संपताच, आणि पहिल्या मोठ्या परीक्षेच्या निकालानंतर. पहिल्याच भेटीत खासगी ईमेल मागून घ्या. फर्मचा पत्ता राजीनाम्याबरोबर बंद होतो आणि नेमकी हवी ती माणसं हातची जातात.

रेघोटी
खूप उपयोगी. दोन उपप्रश्न. बँकेच्या ताळमेळासारखी सुरुवातीची कामं आता दूरच्या सेवा केंद्रांकडे आणि सॉफ्टवेअरकडे जातात असं ट्रेनी सांगतात, मग रिव्ह्यू नोटवर भर देणं जुनाट ठरेल का? आणि न केलेलं काम केलं म्हणून सही केली, असं कोणी मुलाखतीत सांगितलं तर काय करायचं?

लाल_शाई
जुनाट नाही, तिथेच तुमचा नवा प्रश्न आहे. पूर्वी ट्रेनी आधी शेकडो बिलं ताडून बघायचा, मग दुसऱ्याचं काम तपासायला लागायचा. आता पहिल्या वर्षातच त्याच्यापुढे केंद्राने केलेलं काम तपासायला येतं. जे काम कधी केलंच नाही त्यातली चूक त्याला कशी दिसणार? नोट लिहिणाराच नवशिका असेल तर त्याला नोट लिहायला कोण शिकवतं? १९९० च्या दशकात अँडरसन-गॉफ, ग्रे आणि रॉबसन यांनी ब्रिटनमधल्या मोठ्या फर्मच्या ट्रेनींचा अभ्यास केला. क्लायंटचं नाव पुढे करून वागण्या-बोलण्याला वळण कसं लावलं जातं, ते त्यांनी दाखवलं. 'त्यानंतर नवीन काय?' असं समीक्षक विचारणारच. कामाचा क्रमच उलटा झालाय, हे त्याचं भक्कम उत्तर आहे.

ताळमेळ
सहीचा प्रश्न मुलाखतीआधी सोडवायचा, नंतर नाही. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीच्या अर्जातच लिहा की काय ऐकलं तर गुप्तता पाळाल आणि काय ऐकलं तर ती पाळता येणार नाही. तेच सोप्या शब्दांत संमतीपत्रात टाका आणि रेकॉर्डर सुरू करण्याआधी वाचून दाखवा. क्लायंट किंवा सहकारी ओळखू येईल असं काही बोलू नका, हेही तेव्हाच सांगा.

लिहिताना फर्मचं वर्णन सैल ठेवा. 'शहरातली सर्वांत जुनी' लिहिलंत की नाव सांगितल्यासारखंच झालं. लहान फर्ममध्ये 'महिला पार्टनर' एवढे दोन शब्दही पुरतात.

पानपलट
लेखांबद्दल. प्रबंधाची प्रकरणं तोडून लेख होत नाहीत, कारण प्रकरण सगळं सांगतं आणि लेखाला एकच दावा लागतो. सर्वांत आधी तुमच्याकडे आत्ता असलेल्या सामग्रीवर प्रशिक्षणाच्या अंगाने एक लेख लिहा आणि तो अकाउंटिंग शिक्षणाला वाहिलेल्या जर्नलकडे पाठवा. 'शिकतात कसे ते दिसत नाही' हा शेरा तिथे तितका बोचणार नाही, कारण ट्रेनी प्रशिक्षणाकडे कसं पाहतात हाच तिथे स्वतंत्र प्रश्न असतो. सैद्धांतिक लेख नव्या सामग्रीसाठी राखून ठेवा. 'अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी' हे १९७६ पासूनचं जर्नल किंवा १९९० मध्ये सुरू झालेलं 'क्रिटिकल पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन अकाउंटिंग' अशा लिखाणाचं घर आहे. पण दुरुस्त्यांच्या फेऱ्या धरून तिथे वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तीन वर्षांच्या आढाव्यात पहिला प्रयत्न तिथे करणं जोखमीचं.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. सॉफ्टवेअरने उतरवलंत तरी ऐकून दुरुस्त करावं लागतंच, कारण तांत्रिक शब्द आणि पुटपुटलेली वाक्यं तिथेच बिघडतात. हे सॉफ्टवेअर ट्रेनीचा आवाज दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं का, हेही समितीला आधी सांगावं लागेल.

शिकवायला ऑडिटचा विषय मागून घ्या. तयारीत वाचलेली मानकं संशोधनातही कामाला येतात. मात्र तुमचे स्वतःचे विद्यार्थी ज्या तुकडीत रुजू होणार असतील ती तुकडी अभ्यासासाठी घेऊ नका. गुण देणाऱ्या शिक्षिकेला मोकळेपणी नाही म्हणणं त्यांना जमणार नाही, आणि समिती तिथेच अर्ज अडवेल.