नव्या बस येताहेत, पण रात्री आठनंतरची फेरी कोण मारणार?

माशेलची प्रवासी

गेल्या आठवड्यात ऑफिसातून निघायला पावणेआठ झाले. पणजीच्या बसस्थानकावर माशेलची खासगी बस उभी होती, इंजिन चालू, कंडक्टर दारात. चढून बसले. वीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. मग कंडक्टर म्हणाला, ‘पॅसेंजर ना, ही फेरी जायना.’ आम्ही अकरा जण खाली उतरलो. मला न्यायला भाऊ स्कूटर घेऊन माशेलहून आला. उतरलेल्यांत एक कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी होती. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात हप्त्यावर दुचाकी घेते, हे रोजचं मला जमणार नाही.

त्या एका रद्द फेरीने रस्त्यावर एक दुचाकी वाढवली. गोव्यात घरटी दोन-तीन गाड्या कशा झाल्या, याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं.

सरकार वाहतूक सुधारतंय हे दिसतंय. कदंबकडे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळाकडे, इलेक्ट्रिक बस आल्या, पणजी शहरातही त्या फिरू लागल्या. मला त्यांचा आनंदच आहे. धूर नाही, आवाज नाही, म्हाताऱ्या माणसाला चढायला सोपं. पण माझा मुद्दा वेगळा आहे. बस कशावर चालते यापेक्षा रिकाम्या सीटचा खर्च कोण सोसतो, यावर आमची सगळी वाहतूक अडली आहे. खासगी बसमालकाचं पोट दिवसाच्या कलेक्शनवर. म्हणून सकाळी गाडी खचाखच भरेपर्यंत हलत नाही, पुढच्या गाडीची वेळ झाली की दोघं शर्यत लावतात आणि रात्री आठला मालक गाडी घरी नेतो. यात त्याचा दोष नाही, हिशेबच तसा आहे.

‘म्हजी बस’ योजनेची कल्पना हाच हिशेब बदलते. खासगी बस कदंबसाठी धावणार, तिकिटाचे पैसे महामंडळाला, मालकाला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम. गाडीत चार माणसं असोत की चाळीस, फेरी मारली की पैसे. पुढची दोन वर्षं सरकारने बाकी सगळं बाजूला ठेवून हीच योजना गावागावात न्यावी आणि शेवटची फेरी रात्री साडेनऊला ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या ‘बालरथ’ बसकडे बघा. त्या गाडीला कलेक्शन नाही, खर्चाला सरकारचा हातभार, म्हणून ती ठरल्या वेळी दारात येते. मुलांना जे मिळतं ते त्यांच्या आईबापांना का नको?

बसवाल्याची लेक, डिचोली

ताई, तुमची रात्र वाईट गेली, ते समजतं. पण दाराच्या पलीकडची बाजूही ऐका.

माझ्या बाबांची एकच बस आहे, डिचोली-म्हापसा. सकाळी पाचला उठून गाडी धुतात, दिवसभर स्वतः चालवतात. विमा, पासिंग, टायर, कंडक्टरचा पगार, हे सगळं त्याच कलेक्शनमधून. रात्री आठच्या फेरीला सहा माणसं मिळाली तर डिझेलसुद्धा सुटत नाही. दुचाक्या वाढल्या तशी आमची माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून फेऱ्या गेल्या. आधी काय झालं, हे सांगणं सोपं नाही.

आता किलोमीटरच्या पैशांचं. कागदावर उत्तम. पण बाबांनी पूर्वी एका सरकारी मदतीसाठी अर्ज केला होता. मंजूर झाली, पैसे यायला इतका वेळ लागला की मधल्या काळात पतपेढीचा हप्ता चुकला आणि आईची पाटली गहाण पडली. आज संध्याकाळी खिशात येणारे पैसे सोडून, महिन्याने येतील न येतील अशा पैशांवर ते विश्वास कसा ठेवतील? डिझेल वाढलं तर ठरलेल्या दराचं काय? शिवाय मार्गावरचा ‘टायम’, म्हणजे गाडी सोडायची ठरवून मिळालेली वेळ, ही त्यांची पंचवीस वर्षांची कमाई. ती एकदा महामंडळाच्या हातात गेली आणि उद्या योजना बंद पडली, तर परत मिळेल?

बसमालक या योजनेला विरोध करतात ते आडमुठे आहेत म्हणून, असं कोणी लिहू नये एवढीच विनंती.

पर्वरीकर

मला हा सगळा वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. बस कितीही आणा, ती अडकणार आहे माझ्याच कारच्या मागे. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून काय हाल आहेत, ते म्हापशाहून येणाऱ्या माणसाला विचारा. मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू झाला, झुआरीवर नवा पूल झाला, तरी पुलाच्या दोन्ही तोंडांना रांगा आहेतच. जी बस वेळेवर पोचतच नाही तिच्यात मी का बसू? आधी रस्ते, सर्कल, पार्किंग नीट करा, मग बसचं बोलू. आणि रिकामी बस रात्री साडेनऊला फिरवण्याचा खर्च माझ्या करातून का?

माशेलची प्रवासी

पर्वरीकर, एका बसमध्ये पन्नास माणसं बसली तर तुमच्या पुढच्या तीसेक गाड्या कमी होतील. रस्ता तुम्हालाच मोकळा मिळेल.

कार असलेला माणूस बसमध्ये बसत नाही, हेही मला पटत नाही. पणजी-मडगाव शटल बघा. खिडकीवर आधी तिकीट, गाडीत कंडक्टर नाही, मध्ये थांबे नाहीत. त्या रांगेत बँकेचे अधिकारी उभे असतात, प्राध्यापक असतात. एक गाडी गेली की पुढची लागते, हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते घरी कार ठेवून येतात.

सत्तरी तालुक्यातला

शटलचं उदाहरण मडगावला ठीक. आमच्याकडे वाळपईपासून आत गेलात की एकेका वाड्यावर पंधरा-वीस घरं. तिथे मोठी बस कशी फिरवणार? मुख्य रस्त्यावर सोडलं तर पुढे तीन किलोमीटर अंधारातून चालायचं, पावसात. मी दुचाकी घेतली ती हौसेने नाही. आईला दवाखान्यात न्यायचं, बागायतीत जायचं, संध्याकाळी भजनाला जायचं, यातलं एकही काम बसच्या वेळापत्रकावर होत नाही. शहराची योजना शहरापुरती ठेवा. गोवा म्हणजे पुणे-मुंबई नव्हे.

माशेलची प्रवासी

वाड्यावरची अडचण खरी आहे. तिथे लहान गाडीच हवी, आणि जिथे पायलट, म्हणजे भाड्याने नेणारा मोटरसायकलवाला, मिळतो तिथे बस आणि पायलट यांची सांगड घालता येईल. पण ‘शहरापुरती’ याला माझा विरोध आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या जेमतेम ४० हजार होती आणि गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी. म्हणजे आपलं शहर एका जागी नाहीच. ते म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, माशेल, साखळी असं पसरलेलं आहे. झोपायला एका गावात, कामाला दुसऱ्या. पणजीत मिरामार ते पाटोच्या बसस्थानकापर्यंत उत्तम बस फिरली आणि पाटोवरून घरी जायला काही नसलं, तर त्या उत्तम बसचा मला उपयोग काय?

बांबोळीची नर्स

मी राहायला फोंड्याची, नोकरी बांबोळीच्या रुग्णालयात. दुपारपाळी रात्री सुटते. आमच्यातल्या चौघी मिळून टॅक्सी करतो, महिन्याला पगाराचा मोठा तुकडा जातो. ज्या दिवशी एकटी असते त्या दिवशी नवरा लहान मुलाला झोपेतून उठवून, मागे बांधून आणायला येतो. पर्वरीकर, तुमच्या करातून काय जातं ते तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिलं. रात्रीचे हॉटेलवाले, वॉचमन, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतले पाळीवाले, आम्ही सगळे कर भरतो.

चोडणकर

आमच्या बेटावरून एक गोष्ट सांगतो. रायबंदर-चोडण फेरीबोट आम्ही जन्मापासून बघतोय. चालत जाणाऱ्याला पैसे नाहीत. रात्री शेवटच्या फेऱ्यांना कधी पाचच माणसं असतात, तरी बोट सुटते. नदी परिवहन खात्याची ती फेरी नफ्यात आहे का, असा प्रश्न चोडणात, दिवाडीत कोणी विचारत नाही, कारण ती आमची वाट आहे. १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा सगळी पणजी याच बोटींवर आली होती.

पाण्यावरची रिकामी फेरी सरकारला चालते, रस्त्यावरची का चालत नाही?

पर्वरीकर

फेरीबोटीला जवळचा दुसरा पर्याय नाही, बसला आहे. हा फरक आहेच. आणि नर्सबाई, तुमच्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. रुग्णालय, औद्योगिक वसाहत असे ठरावीक मार्ग घ्या, पाळीच्या वेळा घ्या, तिथे रात्रीची बस द्या, मी पाठिंबा देईन. गावोगाव सरसकट मात्र नाही. सहा महिने चालवून प्रवासी मोजा, मग वाढवा.

माशेलची प्रवासी

सहा महिने कमी पडतील. बस रोज येते याची खात्री पटायलाच माणसाला तेवढे लागतात. ज्याने हप्त्यावर दुचाकी घेतली तो हप्ते फिटेपर्यंत परत फिरणार नाही. निदान दोन वर्षं, एकही दिवस न चुकता. मोजायचं तर मग मोजा.

बसवाल्याची लेक, डिचोली

रात्री जेवताना बाबांना हा सगळा वाद वाचून दाखवला. नर्सताईंचं लिहिणं दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेत, डिझेल वाढलं की दर वाढणार, आणि योजना बंद झाली तर माझा टायम मला परत. ह्या तीन गोष्टी करारात लिहून द्या, साडेनऊची फेरी मी स्वतः मारतो.

माशेलची प्रवासी

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. ह्या तीन अटी मी जशाच्या तशा लिहून घेतल्या आहेत. येत्या रविवारी आमची ग्रामसभा आहे, तिथे ठराव मांडते. त्या रात्री उतरलेल्यांपैकी सात जणांशी बोलणं झालंय, ते सही करायला तयार आहेत. फोंड्याच्या आणि डिचोलीच्या लोकांनी आपापल्या ग्रामपंचायतीत, पालिकेत हाच मजकूर दिला तर बरं. पर्वरीकर, तुमचा मोजणीचा मुद्दा मी त्यात घातला आहे, फक्त सहा महिन्यांच्या जागी दोन वर्षं लिहिलं आहे.