'वेळ असता तर आलो असतो' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?

होमवर्कमध्ये वाक्य साधं होतं, 'मला वेळ असता तर मी आलो असतो'. मी लिहिलं, वेन इश त्साइट हेटे, वेरे इश गेकोमेन. बाईंनी पहिल्या भागावर लाल गोल मारला आणि वर लिहिलं 'गेहाब्ट कुठे?' अहो पण 'असता' म्हणजेच हेटे ना? मग ते गेहाब्ट (हाबेनचं, म्हणजे 'जवळ असणं'चं भूतकाळी रूप) अजून कशाला?

—

तुझी चूक नाही रे, आपल्या 'असता'ची खोड आहे ती. तो काळ सांगतच नाही. 'पैसे असते तर ही सायकल घेतली असती' हे तू आत्ता दुकानाच्या काचेसमोर उभा राहून म्हणू शकतोस आणि गेल्या दिवाळीबद्दलही म्हणू शकतोस, शब्द तेच, ऐकणारा समजून घेतो. जर्मनला ते चालत नाही, आधी ठरव आत्ताचं की तेव्हाचं. आत्ताचं असेल तर वेन इश गेल्ट हेटे, व्यूर्दे इश दास फाराट काउफेन. दिवाळीचं असेल तर वेन इश गेल्ट गेहाब्ट हेटे, हेटे इश दास फाराट गेकाउफ्ट. हो, हेटे दोनदा लागोपाठ येतं, कानाला विचित्र वाटतं पण बरोबर आहे.

आणि 'श्रीमंत असतो तर घेतली असती' याला मात्र वेन इश राइश वेरे, हेटे इश एस गेकाउफ्ट चालतं, कारण श्रीमंत तेव्हाही नव्हतो न आजही नाही :) वेळेचं तसं नाही, तो त्या दिवशी नव्हता, म्हणून गेहाब्ट.

—

वरच्यांशी सहमत, पण मराठीचा फायदाही सांगा की. आपल्या दोन्ही भागांत असता-असतो, त्यांच्याही दोन्ही भागांत हेटे-वेरे. जे इंग्लिशवरून जर्मन शिकतात ते 'वुड हॅव'च्या नादात दुसऱ्या भागात व्यूर्दे गेकोमेन झाइन वगैरे घालतात, व्याकरणात बसतं तसं पण फार अवजड, बोलताना सहसा कोणी म्हणत नाही. सरळ मराठीवरून उडी मारा.

—

हेटे की वेरे हे कसं ठरवायचं? मी सकर्मक-अकर्मक लावून बघते, घेतलं असतं हेटे, गेलो असतो वेरे, बऱ्याचदा जमतं.

—

ताई, 'झोपलो असतो'ला फसाल. इश हेटे गेश्लाफेन. हसलो असतो, तेही हेटे. जागा किंवा अवस्था बदलते का ते बघायचं. नुसतं झोपणं हेटे, पण डोळा लागला असता, म्हणजे जागेपणातून झोपेत गेलो असतो, तर इश वेरे आइनगेश्लाफेन. असणं आणि राहणं यांत काही बदलत नाही तरी वेरेच (वेरे गेवेझेन, वेरे गेब्लीबेन), ते पाठच करा.

माझं आवडतं म्हणजे 'पडलोच असतो'. इश वेरे फास्ट गेफालेन. आपल्या एका 'च'चं काम तिकडे 'फास्ट' करतं, त्याचा वेगाशी काही संबंध नाही, जवळजवळ असा अर्थ.

—

'यायला हवं होतं' राहिलं की! इथे मराठीत असता येतच नाही, म्हणून लोक हाटे लिहितात, hätte मधल्या a च्या डोक्यावरचे दोन ठिपके गायब. इश हेटे कोमेन झोलेन. गेझोल्ट नाही, दोन मूळ क्रियापदं शेजारी शेजारी. आणि डास (dass, आपलं 'की') लावलं की सगळ्यांत शेवटी जायच्या ऐवजी हेटे त्या दोघांच्या पुढे येतं, डास इश हेटे कोमेन झोलेन. हे मला दोन वर्षांनी जिभेवर बसलं.

—

धन्यवाद सगळ्यांना, आता जर-तरचा किस पाडून झाला. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, याला जर्मनमध्ये काय म्हणतात?

—

तिकडेही आत्याच आहे! वेन माइने टांटे रेडर हेटे, वेरे झी आइन ओम्निबुस. आत्याला चाकं असती तर ती बस झाली असती. (इथे गेहाब्ट नाही बरं का, चाकं आजही नाहीत.) आणि कोणी फारच असतं-तर करायला लागलं की 'हेटे, हेटे, फाराटकेटे' म्हणतात. फाराटकेटे म्हणजे सायकलची चेन, नुसतं यमक जुळतं म्हणून. 2013 च्या जर्मन निवडणुकीत चान्सलरपदाचे उमेदवार पेअर श्टाइनब्रूक हे म्हणाले आणि ते फार गाजलं. पुढे फुटबॉलवाला लोथार माटेउस 'वेरे, वेरे, फाराटकेटे' म्हणाला, म्हणजे यमकच पळालं, त्यावर लोक अजून हसतात.