चेंगदूला जातोय, अस्सल चिनी जेवणाची सुरुवात कशाने करू?

पोटोबा
मंडळी, पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाला चेंगदूला जायचंय. बरोबर एक सहकारी आहे, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मी चिकन, मटण, मासे सगळं खातो, फक्त बीफ आणि पोर्क नको. आजवरचं माझं 'चायनीज' म्हणजे गाडीवरचं ट्रिपल शेजवान आणि मंचाव सूप. ते तिकडे मिळणार नाही एवढं माहीत आहे. मग काय मागवू, काय टाळू? तिखटाची भीती नाही, कोल्हापूरचा आहे. बॅगेत ठेपले न्यायचे नाहीत असं ठरवलंय. (बायको म्हणाली, बघू.)

चकली भाजणी
नोकरीनिमित्त काही वर्षं चेंगदूत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे मंचुरियन शोधू नका. त्याचं श्रेय मुंबईच्या नेल्सन वांग या शेफना देतात, १९७५च्या सुमाराचं. चेंगदूत वेटरला ते सांगून दोघांचाही वेळ जाईल. आणि आपल्या शेजवान चटणीत जे नसतं तेच तिथे मुख्य असतं : ह्वाज्याओ, म्हणजे चेंगदूच्या सिचुआन प्रांताची खास मिरी. मिरचीनं जीभ भाजते, ह्यानं बधिर होते. ओठांना मुंग्या येतात, त्यावर पाणी प्यायलं तर पाणीच आंबटखारट लागतं. पहिल्यांदा लोक ॲलर्जी समजून घाबरतात. थोड्या वेळात उतरतं. तेव्हा कोल्हापूरकर, तिखट तुम्ही सोसाल, पण पहिल्या जेवणाला 'वेइ ला' (कमी तिखट) म्हणाच. चेंगदूचं कमी तिखटही कमी नसतं.

सुरुवात हॉटपॉटने (टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात एकेक जिन्नस शिजवून खायचा प्रकार) नको, घरगुती पदार्थ मिळणाऱ्या साध्या खानावळीपासून करा. तुमच्यासाठी गोंगबाओ चिकन : चिकनचे छोटे तुकडे, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, किंचित गोड-आंबट. सिचुआनचे गव्हर्नर दिंग बाओजेन यांच्या हुद्द्यावरून नाव पडलंय. त्यातल्या सुक्या मिरच्या खायच्या नसतात, बाजूला सारायच्या. जोडीला फानछ्ये छाओदान, म्हणजे टोमॅटो-अंडं. चीनभर घराघरात होतं. भुर्जीची अपेक्षा ठेवू नका. अंड्याचे मोठे मऊ तुकडे, भरपूर रस, वर चिमूटभर साखर. भातावर ओतून खा.

आणि थूदोउस मागवाच. बटाट्याच्या काडीपेटीच्या काडीएवढ्या सळ्या, धुऊन स्टार्च काढलेला, मोठ्या आचेवर व्हिनेगर आणि मिरचीत जेमतेम परतलेल्या. बटाटा कुरकुरीत राहतो. आपल्याला वाटतं कच्चाच राहिलाय. कच्चा नाही, तसाच करतात. दुसऱ्या घासाला आवडतो.

मु. पो. वेंगुर्ले
ह्वाज्याओ म्हणजे आपल्या तिरफळाचं भावंड. दोन्ही एकाच वनस्पतीकुळातली, एकाच प्रजातीगटातली. आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतात, बी काढून फक्त साल. तेही बी टाकून सालच वापरतात. वास मात्र वेगळा, त्यांचा लिंबाच्या सालीकडे झुकणारा. कोकणातल्या माणसाला सिचुआन लवकर जमतं असं माझं मत. मासा मात्र जपून खा. समुद्र तिथून फार लांब, त्यामुळे बहुतेक गोड्या पाण्यातला कार्प, आणि त्याला फाटे फुटलेले बारीक काटे. सुरमई-पापलेटची सवय असलेल्यांनी बोलत बोलत खाऊ नये.

गवती चहा
शाकाहारी सहकाऱ्यासाठी. 'वो छ सू' (मी शाकाहारी) एवढ्यावर थांबू नका. तिथे नुसतं 'रोउ' म्हणजे पोर्क, त्यामुळे 'रोउ नको' म्हटलं तर बिनपोर्काची पण चिकन पावडर, ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी घातलेली भाजी समोर येऊ शकते. फसवत नाहीत, त्यांच्या हिशेबी ती भाजीच. सगळं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डरआधी दाखवा : मांस, मासे, अंडं, चरबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीचा अर्क नको.

नावावर जाऊ नका. यूशियांग छ्येझ म्हणजे 'माशाच्या वासाची वांगी'. त्यात मासा नसतो, पण पोर्कचा खिमा बहुधा असतो. परतलेल्या फरसबीतही तसंच. खिम्याशिवाय करायला सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी करून देतात. ती वांगी अप्रतिम : तेलात मऊ पडलेली, लोणचं घातलेली मिरची, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर.

सगळ्यात निश्चिंत जागा म्हणजे वेनशू बौद्ध मठ. शहरातच आहे, आवारात शाकाहारी भोजनालय आहे. बौद्ध पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही टाळतात. मेनूत 'मासा', 'बदक' दिसलं तर दचकू नका, सोयाबीन आणि मशरूमचं असतं.

स्पष्टवक्ता
एवढा खटाटोप कशाला? ठेपले आणि मेतकूट न्या, काम करा, परत या. चार दिवस जिभेचे चोचले नाही पुरवले तर काय बिघडतं?

चकली भाजणी
@स्पष्टवक्ता, सहकाऱ्यासाठी ठेपले असू देत, त्यावर वाद नाही. पण चेंगदूला जाऊन मेतकूट खाणाऱ्याने सल्ला द्यावा का, हा प्रश्न आहे.

पोटोबा
भरभरून माहिती, धन्यवाद! दोन शंका. तिथली कंपनी एका रात्री हॉटपॉटला नेणार आहे, तेव्हा काय करू? आणि मापो तोफू ऐकून आहे, तो चालेल?

चकली भाजणी
मापो तोफू चेंगदूचाच, १८६२पासूनची परंपरा सांगतात. मऊ तोफू, चेंगदूजवळच्या पिशियनची आंबवलेली बाकळा-मिरचीची चटणी, वर ह्वाज्याओची पूड. पण मूळ पद्धतीत वर बीफचा खिमा असतो, तेव्हा खिम्याशिवाय मागा.

हॉटपॉटचं नीट ऐका. लाल रश्श्यात बहुतेक ठिकाणी बैलाची चरबी असते, न्यूयोउ. वरून कळत नाही. यजमानांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा : 'छिंगयोउ', म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा. मधे पडदी असलेलं दोन खणांचं भांडं मागवायचं, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला मशरूम किंवा टोमॅटोचा साधा. कोंबडीचा किंवा हाडांचा साधा रस्सा सहकाऱ्याला चालणार नाही हेही सांगा. मांस त्याच भांड्यात शिजणार, म्हणून त्याला वेगळं छोटं भांडं मिळतं का तेही विचारा, हल्ली बरीच हॉटेलं देतात. कमळकाकडी, बटाटा, तोफू, मशरूम, पालेभाजी, भरपूर असतं. बुडवायला तिळाचं तेल आणि ठेचलेली लसूण. ते तेल जळजळ कमी करतं, म्हणून बिनधास्त घ्या. लाल रस्सा प्यायचा नसतो. आणि लालसर-तपकिरी वड्या तोफूसारख्या दिसल्या तर विचारून घ्या, बदकाचं साकळलेलं रक्त असू शकतं.

गवती चहा
भाताबद्दल राहिलं. मेजवानीत भात बहुधा शेवटी येतो, आपल्याला पहिल्यापासून हवा असतो. 'मीफान' म्हणून आधीच मागून घ्या. पदार्थ मधे असतात, सगळे त्यातूनच घेतात, 'माझी प्लेट' असा प्रकार नाही. वाटी तोंडाजवळ नेऊन खाल्लेलं चालतं, पण भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका, ते मृतांच्या पूजेतल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. पिण्याला बहुधा गरम पाणी येईल. अलीपे हे पैसे द्यायचं ॲप फोनवर घेऊन त्याला आपलं कार्ड निघण्याआधीच जोडा. बऱ्याच खानावळींत ऑर्डर आणि पैसे दोन्ही टेबलावरच्या क्यूआर कोडवरूनच चालतात.

मु. पो. वेंगुर्ले
पोर्क टाळायचं आणि मटण खायचं असेल तर छिंगजेन, म्हणजे हलाल पाटी असलेली शिनजियांगची (चीनचा वायव्येकडचा प्रांत) हॉटेलं शोधा. जिरं लावलेले मटणाचे शिगकबाब, आणि दापानजी : मोठ्या ताटात चिकन-बटाट्याचा रस्सा, खाली पट्ट्यांसारख्या रुंद नूडल्स. आपल्या जिभेला हे सगळ्यांत जवळचं. तिथे बीफ असतंच, तेवढं विचारून घ्या.

पोटोबा
ठरलं. पहिल्या दिवशी खानावळ, दुसऱ्या दिवशी मठ, मग मटण, आणि हॉटपॉट शेवटी. चिनीत लिहिलेली चिठ्ठी कुणी तपासून देईल का? आणि हॉटपॉटला कपडे कोणते घालू?

चकली भाजणी
चिठ्ठी इथेच टाका, बघते. कपडे कोणतेही, पण पांढरा शर्ट नको. एप्रन देतात, तो न लाजता घ्या. जॅकेटलाही हॉटेलं प्लास्टिकचं कव्हर देतात, कारण तो वास दोन धुण्यांत जात नाही.